धाकट्याचे स्पीकर

रंगारी काम संपवून गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी हॅलोताईंना वाटलं की घरातला आवाज बदललाय.

हॅलोताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. दिवसाला पाच-सहाशे वेळा 'हॅलो' म्हणायची इतकी सवय झाली की घराचं दार उघडतानाही तोंडातून 'हॅलो' निघायचं. इमारतीतल्या पोरांनी ते उचललं, मग पोरांच्या आयांनी, आणि पुढे पुढे त्यांना येणाऱ्या पत्रांवरही कुणीतरी 'हॅलोताई, तिसरा मजला' असं लिहू लागलं.

बोर्डावर बसून बसून त्यांचा कान तयार झाला होता. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठे थांबतो हे त्यांना आधी कळायचं. एकदा एका गृहस्थांनी अगदी रोजच्या सुरात विचारलं, "बायकोला जरा बरं वाटत नाहीये, डॉक्टर किती वाजता बसतात?" ताईंनी वेळ सांगायच्या ऐवजी पत्ता विचारला आणि गाडी पाठवली. ती बाई वाचली. नंतर डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ताई म्हणाल्या, "ते वाक्याच्या मधेच श्वास घेत होते. निवांत माणूस वाक्य संपल्यावर घेतो." यात आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटलं नाही. भाजीवाल्याला जशी भाजीची पारख, तशी आपल्याला आवाजाची, एवढंच.

घरात त्या आणि धाकटा भाऊ. दोघांचंही लग्न राहिलं. ताईंचं आईवडिलांच्या आजारपणात राहिलं, धाकट्याचं कशात राहिलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. जमिनीखालून कुठला नळ कुठे वळतो ते कागदावर उतरवायचं काम. हातात कायम पट्टी, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं मोजून-मापून. चाळिशी उलटल्यावर त्याने आयुष्यातली एकमेव चैन केली. कमरेएवढे उंच दोन स्पीकर घरी आणले. चार माणसांनी ते तीन जिने चढवले, आणि दहा बाय बाराच्या त्या बैठकीच्या खोलीत ठेवले तेव्हा दिवाणावर बसायला आलेल्या माणसाचे गुडघे त्यांना लागायला लागले.

"हे घर आपलं आहे का त्यांचं?" ताईंनी विचारलं होतं.

"आपण तिघं-चौघं राहू," धाकटा म्हणाला होता.

मग सहा महिने त्याने ते स्पीकर इकडचे तिकडे केले. भिंतीपासून दोन फूट, मग पावणेदोन. तोंड जरा आत वळवलेलं, मग अजून जरा. समोर बरोब्बर मधोमध एक वेताची खुर्ची. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा आला पाहिजे, हे तो सुतळी ताणून बघायचा. संध्याकाळी सात वाजता तो रेकॉर्ड लावून त्या खुर्चीत बसायचा. आणि मधूनच हाक मारायचा, "ताई, जरा ये ना. इथे बस. हे ऐक... आता हे ऐक. फरक आहे?"

ताई स्वयंपाकघरात असायच्या. आठ तास लोकांची गाऱ्हाणी, रडणी, आरडाओरडा ऐकून कान किटलेले असायचे. घरी आल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी असायची, की कुणी काही ऐकवू नये. त्या जागच्या न हलता म्हणायच्या, "दोन्ही सारखंच आहे रे." आणि दार लोटून घ्यायच्या.

पहिल्यांदा तो रोज हाक मारायचा. मग आठवड्यातून एकदा. मग नवी वायर वगैरे आणली तर. नंतर बंद झालं. नेमकं कधी बंद झालं ते ताईंच्या लक्षातही आलं नाही.

एका हिवाळ्याच्या अखेरीस धाकटा गेला. ज्या इस्पितळाच्या बोर्डावर ताई बसायच्या तिथेच, नवव्या दिवशी. बोर्डावर आता नवी मुलगी होती. खोलीतल्या फोनवरून ताईंनी जेव्हा नातेवाइकांचे नंबर मागितले तेव्हा तिने आवाजावरून काही ओळखलं नाही. "लाईन बिझी आहे मॅडम, नंतर करा," म्हणाली. ताईंनी तिला दोष दिला नाही. त्यांचा आवाज अगदी सरळ होता.

त्यानंतर घर इतकं गप्प झालं की फ्रिज चालू झाला तरी त्या दचकायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी संध्याकाळी सात वाजता धाकट्याचा अँप्लिफायर चालू केला, प्लेअरवर आधीच होती ती रेकॉर्ड लावली, आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं. ऐकायचं म्हणून नाही. तेवढा वेळ बैठकीच्या खोलीत काहीतरी चाललंय असं वाटायचं. मग रोज सातला तेच. रेकॉर्डही तीच. एका बाईचा आवाज, आणि साथीला एकच तारेचं वाद्य.

वर्षभराने वरच्या मजल्याची मोरी गळली, भिंतीला डाग पडले, म्हणून रंगारी बोलवावा लागला. त्याने स्पीकरच्या वायरी उपसल्या, स्पीकर कोपऱ्यात ढकलले, काम झाल्यावर वायरी परत खुपसल्या आणि खोलीकडे बघत म्हणाला, "केवढी जागा मोकळी झाली बघा बाई. उगाच मधे होते."

पहिले दोन दिवस ताई रंगाच्या वासाने हैराण होत्या. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबला. दाराआडून येणारं गाणं तेच होतं, पण कसलं तरी पोकळ. त्या बाहेर आल्या. बाई गात होती, पण खोलीत ती कुठे आहे ते कळत नव्हतं. मागच्या भिंतीतून गातेय म्हणावं तर तिथेही नाही. बोर्डावर कधी कधी दोन लाईनी एकमेकींत शिरायच्या तेव्हा असं व्हायचं. माणूस बोलतोय, पण कुठूनच नाही.

त्यांनी रंगाऱ्याला फोन केला.

"आवाज बदललाय," त्या म्हणाल्या.

"रंग बदललाय बाई," तो म्हणाला. "आवाज कसा बदलेल?"

त्यानंतर चार दिवस ताईंनी एकटीने खटपट केली. वयाची सहासष्टी, कंबर आधीच कुरकुरणारी. पण वीस वर्षं एकाच जागी उभे राहिल्यामुळे फरशीवर स्पीकरचे चौकोन उमटले होते, आजूबाजूच्या फरशीपेक्षा जरा उजळ. खाली जुनं पायपुसणं घालून, ओढत, दम खात त्यांनी दोन्ही स्पीकर त्या चौकोनांवर आणले. शिवणकामाची टेप घेऊन अंतरं मोजली. सगळं जिथल्या तिथे. मग धाकट्याच्या खुर्चीत त्या पहिल्यांदा बसल्या. वेत त्याच्या वजनाने खोलगट झाला होता. त्यांनी रेकॉर्ड लावली, आणि बाई अजूनही खोलीत नव्हती.

म्हणजे आपलाच कान गेला, असं त्यांनी ठरवून टाकलं. दोन दिवस रेकॉर्ड लावली नाही. तिसऱ्या दिवशी सात वाजले तेव्हा त्यांनी धाकट्याची फोनची वही काढली आणि रेडिओवाल्यांना फोन केला.

रेडिओवाले म्हणजे धाकट्याचा एकुलता एक मित्र म्हणा ना. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुरुस्तीला कोण येतं? पण पंचाहत्तरीतही ते रोज दुकान उघडून बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन जिने चढून आले, पाच मिनिटं दिवाणावर नुसते धापा टाकत बसले, आणि मग स्पीकरच्या मागे वाकले.

"कुणी लावल्या वायरी?"

"रंगाऱ्याने."

"लाल वायर काळ्यात खुपसलीय एका बाजूला." ते सरळ झाले. "असं बघा ताई, एक माणूस दार ढकलतोय आणि दुसरा त्याच वेळी ओढतोय. दार हलेल का? तसं झालंय. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मधल्यामधे गाणारी गायब." त्यांनी वायरींची अदलाबदल केली. "बसा आता त्या खुर्चीत."

"तुम्ही बसा की. तुम्हाला कळेल."

"मला काय कळणार? मला आता डाससुद्धा ऐकू येत नाही. चावला की कळतो. बसा तुम्ही."

ताई बसल्या. रेडिओवाल्यांनी सुई टेकवली.

बाई समोर उभी राहिली. स्पीकरमधे नाही, स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथे नुसती भिंत होती तिथे. गाण्याआधी तिने श्वास घेतला तो ताईंना ऐकू आला, आणि तो घेताना ती जरा बिचकली होती हेही. पहिल्या ओळीच्या शेवटी बिचकणं गेलं. तारवाला तिच्या उजव्या हाताला, हातभर मागे बसला होता. ताईंनी खुर्चीचे हात धरून ठेवले. एक अख्खी बाजू संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"कसं वाटतंय?" रेडिओवाल्यांनी विचारलं.

"ती डावीकडे झुकून उभी आहे," ताई म्हणाल्या.

"काय?"

"बाई. मधोमध नाही उभी. चार बोटं डावीकडे आहे. असंच असतं का?"

रेडिओवाले त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच दिवाणावर बसले. "घरात हातआरसा आहे का?" त्यांनी विचारलं.

ताईंनी आरसा आणला. रेडिओवाले डाव्या भिंतीला लागून उभे राहिले आणि आरसा भिंतीवरून मुंगीच्या पावलाने सरकवायला लागले. "तुम्ही खुर्चीत बसून आरशात बघत राहा. त्यात डावा स्पीकर दिसला की सांगा."

"का पण?"

"भिंतीला कान असतात म्हणतात ना, तिला तोंडही असतं. स्पीकर एकदा बोलतो, आणि भिंत लगेच तेच परत बोलते. उजवीकडे खिडकी आहे, तिला जाड पडदा आहे. तो पडदा आवाज गिळतो. डावीकडे भिंत कोरी, वर आता ताजा रंग. जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथूनच ती उलटून बोलते."

"दिसला," ताई म्हणाल्या.

त्यांनी तिथे पेन्सिलीने फुली मारली. मग आजूबाजूला बघत म्हणाले, "इथे काहीतरी जाड, मऊ टांगलं पाहिजे. पण तुम्हाला चालेल का?"

"न चालायला काय झालं?"

रेडिओवाल्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "नाही, म्हणजे... ही फुली मी पूर्वीही एकदा मारली होती. याच जागी. वीस वर्षं झाली असतील. तुमच्या भावाने माझं डोकं खाल्लं होतं, आवाज डावीकडे ओढतोय असं वाटतं म्हणून. त्याला नक्की सांगता यायचं नाही. पट्टीने मोजलं की दोन्हीकडची अंतरं सारखी, मग कान खरा की पट्टी? मी म्हटलं, इथे ब्लँकेट टांग, संपलं. तर म्हणाला, ताईला नाही आवडायचं. आधीच मी तिच्या बैठकीच्या खोलीत हे दोन राक्षस आणून ठेवलेत, आता भिंतीवर अंथरूण टांगू का? म्हणाला, आधी तिला ऐकवतो. घरात खरा कान तिचाच आहे. तिला फरक कळला तर ती आपणहून म्हणेल, टांग म्हणून."

ताईंनी त्यांच्या हातातला आरसा घेतला.

"मग त्याने विचारलं नाही का तुम्हाला?"

"विचारलं," ताई म्हणाल्या. "पुष्कळदा विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, दोन्ही सारखंच आहे."

रेडिओवाल्यांनी चष्मा काढून पुसला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं-पीं बराच वेळ चालू राहिली. ताई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि धाकट्याचं करड्या रंगाचं लोकरी ब्लँकेट घेऊन आल्या. वर्षभर ते घडी करून त्याच्या पलंगावरच होतं. ताज्या रंगात त्यांनी स्वतः दोन खिळे ठोकले. एक जरा तिरपा गेला, पोपडा उडाला. त्यांनी ब्लँकेट टांगलं, आणि परत खुर्चीत येऊन बसल्या.

बाई चार बोटं सरकली आणि मधोमध उभी राहिली.

रेडिओवाल्यांना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण ताईंचा चेहरा बघून त्यांनी सामान आवरलं. चहासुद्धा थांबून घेतला नाही. जाताना दारात म्हणाले, "तुमच्यासारखा कान मी दुकानात बसून पन्नास वर्षांत पाहिला नाही. त्याला ठाऊक होतं." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं, पण ताईंना ते दिवसभर सलत राहिलं.

कारण त्यांची अशी समजूत होती, की धाकटा त्यांना आपली खेळणी दाखवायला बोलवत होता. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, आपण कामात गुंतलेली बाई, तो हौशी. वीस वर्षं एका घरात राहून त्यांनी त्याच्या हाकेतलं हे ओळखलं नाही, की तो दाखवत नव्हता, विचारत होता. सगळ्या गावाचे श्वास मोजणाऱ्या बाईला शेजारच्या खोलीतल्या माणसाचा ऐकू आला नाही. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या. असं किती दिवस करणार?

त्यानंतर त्या रोज सातला खुर्चीत बसू लागल्या. धाकट्याच्या दीडशे रेकॉर्ड होत्या, त्या त्यांनी एका टोकापासून सुरू केल्या. रोज काही ना काही नवं सापडायचं. एका रेकॉर्डमधे वाजवणाऱ्याच्या खुर्चीचा पाय करकरतो. एकीत दोघं गातात, पण त्यांचं एकमेकांशी पटत नसणार, कारण एक जण दुसऱ्याची ओळ संपायच्या आतच श्वास घेऊन तयार असतो. असं काही सापडलं की त्यांचं तोंड उघडायचं. मग मिटायचं. सांगणार कुणाला?

एकदा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना मुद्दाम बोलवलं, खुर्चीत बसवलं. बाई चांगल्या होत्या. पाच मिनिटं हातातल्या मोबाइलकडे न बघता बसल्या. मग म्हणाल्या, "छान आहे हो. याला टीव्ही जोडता येतो का?" आणि उठताना भिंतीकडे बघून, "ब्लँकेट वाळत घातलंय वाटतं? गच्चीत ऊन आहे की." ताई म्हणाल्या, "हो, घालते."

मावसबहिणीला फोनवर सांगून बघितलं. ती म्हणाली, "बरं झालं गं, तुझा वेळ जातो." ताईंनी ती वाक्यापूर्वीची पाऊण सेकंदाची उसंत ऐकली, आणि विषय बदलला.

मग त्यांनी रेडिओवाल्यांना विचारलं, की एकाच वेळी दोघांना नीट ऐकायचं असेल तर खुर्च्या कशा ठेवतात. रेडिओवाले म्हणाले, "शेजारीशेजारी नाही जमत. बसमधे बसतात तशा, एकामागे एक. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येतं, पण तेवढं चालवून घ्यायचं." ताईंनी एक स्टूल मागे ठेवून पाहिलं. महिनाभर त्यावर वर्तमानपत्रं साठली. मग ते उचलून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं.

त्याच वर्षी रेडिओवाल्यांनी दुकान बंद केलं आणि ते दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेले. निरोप घ्यायला आले तेव्हा जिने चढले नाहीत. खालूनच हाक मारली. ताई खाली उतरल्या. दोघंही इमारतीच्या दारात उभे राहून वायरींच्या जाडीबद्दल बोलले, आणि मग ते रिक्षात बसले.

यालाही आता तीन वर्षं झाली. हॅलोताई तिथेच राहतात. दीडशे रेकॉर्ड दोनदा ऐकून झाल्या, तिसरी फेरी चालू आहे. मधे एका संध्याकाळी त्यांना गाणारी बाई उजवीकडे सरकल्यासारखी वाटली. वायरी तपासल्या, ब्लँकेट तपासलं, टेप लावली. सगळं ठीक होतं. तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, डावा कान उतरतोय, चौतीस वर्षं हेडफोन त्याच कानाला असायचा ना? त्यांनी यंत्र दिलं. ते घालून ताईंना भाजीवाला, बसचा कंडक्टर सगळे नीट ऐकू येतात, पण गाणारी बाई पत्र्याच्या डब्यातून गाते. म्हणून यंत्र बाजारापुरतं. घरी संध्याकाळी ते ड्रॉवरमधे जातं, आणि ताई खुर्ची जराशी डावीकडे घेतात. त्या बाजूचा स्पीकर तेवढा जवळ आला की बाई परत मधे येते. दर पाच-सहा महिन्यांनी एक बोट.

रविवारी दुपारी बाराला रेडिओवाल्यांचा फोन येतो. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ताई बोर्डावर बोलायच्या तशा सुटं सुटं बोलतात.

"खुर्ची कुठवर आली?" ते विचारतात.

"पाच बोटं झाली."

"मग काळजी नाही. भिंत अजून लांब आहे."

मग ते मुलीच्या घरचं सांगतात. तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो, आणि त्याचा एका बाजूचा आवाज दोन महिन्यांपासून बंद आहे. घरात कुणालाच पत्ता नाही.

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"त्यांना चालतंय ना. मीही कुठे कानाने ओळखलं? टीव्हीच्या मागे हात लावून बघितला, तर एक बाजू थरथरत नव्हती." मग ते म्हणतात, "लावा काहीतरी."

ताई फोन चालूच टेबलावर ठेवतात, रेकॉर्ड लावतात, आणि खुर्चीत बसून फोन कानाशी धरतात. पलीकडे त्यांना फक्त खरखर पोचत असणार, हे दोघांनाही माहीत आहे. म्हणून जे जे ऐकू येतं ते ताई सांगत राहतात. बाई आली. अजून सुरू नाही केलं. आता केलं. तारवाला आज जरा मागे सरकून बसलाय.

"बसू दे," रेडिओवाले म्हणतात.

एक बाजू संपायला वीस-बावीस मिनिटं लागतात. ती संपली की पलीकडून मुलीची जेवायला हाक येते, आणि ते "ठेवतो मग" म्हणून फोन ठेवतात.